हजेरीचा जुना कॉम्प्युटर

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. लाखनीला हायवेवर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि नागपूरच्या सहा महिन्यांच्या कोर्सवर मी अख्ख्या तालुक्याला अडाणी समजत होतो.

चिखल्याच्या मँगनीज खाणीकडच्या एका ठेकेदाराने मला बोलावलं. दहा वर्षांची हजेरी दाखवेल त्या मजुराला तो कायम करणार होता. ट्रक भरणारा एक म्हातारा मजूर हक्क सांगत होता, पण हजेरीचे कागद उदईने खाल्लेले. उरला ऑफिसातला जुना, काळ्या पडद्याचा कॉम्प्युटर. त्याचा फ्लॉपी ड्राइव्ह मेलेला, डिस्क नव्या मशीनला बसत नव्हती. मागच्या सिरियल पोर्टला केबल लावून हजेरी नव्या कॉम्प्युटरात ओढायची, एवढाच रस्ता होता.

ऑफिसातल्या बाबूने, म्हणजे कारकुनाने, आधीच केबल आणून ठेवली होती. दोन्ही टोकं बसतात म्हणजे केबल बरोबर, एवढीच त्याची अक्कल. दोन कॉम्प्युटर बोलायचे तर एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला जोडावं लागतं. याच्या केबलीत तोंडाला तोंड होतं. मी तारा उलटसुलट करून सोल्डरचा डाग दिला. पडद्यावर अक्षरं आली, पण सगळी गिचमिड.

दारात उकिडवा बसलेला तो मजूर म्हणाला, "साहेब, मांगच्या बाजूनं पाहून घ्या. दसऱ्याले तिथंच कुकू लावते."

"तुमी बसा तिकडं, काका. यातलं तुमाले काय समजते?" मी म्हणालो. बाबू हसला.

मग मी वेग कमी केला, वाढवला, नवी केबल केली, नव्या मशीनला शिव्या दिल्या. प्रत्येक बदलानंतर जुना कॉम्प्युटर बंद करून चालू करायचो. दर वेळी त्याची डिस्क जात्यासारखी घरघरायची. असे दोन दिवस गेले. म्हातारा रोज यायचा, दारातच बसायचा, पुन्हा बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी, दुसरं काही सुचेना म्हणून, मी मागे बॅटरी मारली. वापर बंद झाल्यावर हा कॉम्प्युटर कित्येक वर्षं भिंतीकडे तोंड करून ठेवलेला; मी तो आल्या आल्या फिरवला होता आणि केबल मागे चाचपूनच लावली होती. दसऱ्याला घमेली, फावडी, ट्रक पुजताना यालाही हळदकुंकू लागायचं, आणि पाठ समोर असल्याने पाठीलाच. पोर्टात ओलं होऊन वाळलेल्या कुंकवाचा थर होता, पिनांमध्ये अक्षता अडकलेल्या. पूजा करणारा बाबू, पण ताट धरायला हा म्हातारा असायचा.

स्पिरिट आणि दात घासायच्या ब्रशने पोर्ट साफ केलं. दहा मिनिटांत हजेरी स्वच्छ उतरू लागली. म्हाताऱ्याचं नाव दर महिन्याला दिसत होतं. आठ वर्षं आली. नववं सुरू झालं आणि डिस्क खट् करून थांबली. नंतर ती काही उठली नाही.

"काय झालं?" बाबूने विचारलं.

"जुनी डिस्क. तिची वेळ आली होती," मी म्हणालो. पहिल्याच तासात म्हाताऱ्याचं ऐकलं असतं तर दहाही वर्षं निघाली असती, हे मला ठाऊक होतं. दोन दिवस चालू-बंद करून तिला मीच मारलं होतं. बाबूला मी बिनडोक म्हणत होतो, पण तो निदान खोटं तरी बोलला नव्हता.

आठ वर्षांवर ठेकेदाराने नाही म्हटलं. मी सामान बांधत होतो तेव्हा म्हातारा जवळ आला आणि त्याने हात जोडले. "तुमी माह्यासाठी तीन दिवस लय मेहनत घेतली, साहेब."

मी तो नमस्कार घेतला आणि गाडीला किक मारली.