रोजे कधी सरकतात

आबा गेले तेव्हा मी विद्यापीठात तासाला बसले होते. धाकट्या भावाचा फोन आला. मी वही पिशवीत टाकली आणि माहेरी, फैजपूरला जाणारी गाडी धरली.

माझं लग्न धुळ्यात झालं. मुलं कॉलेजात गेल्यावर मी इतिहासाच्या एम.ए.ला नाव घातलं आणि एसटीने जळगावला जाऊ-येऊ लागले. दुसऱ्या वर्षाला एक विषय निवडायचा होता. मी इस्लामी संस्कृती आणि आजचे मुस्लिम समाज हा विषय घेतला. शाळेत असताना मुघल आणि निजामशाही लढायांपुरतीच भेटली होती. त्या लढायांच्या मागे माणसं कशी जगत होती, काय वाचत होती, आज कुठे कशी राहतात, हे कुणी सांगितलं नव्हतं. एवढंच कारण होतं.

सासूबाईंना ते पटलं नाही. "तुले काय मौलवी व्हनं शे का?" त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या. नवरा हसला आणि पेपर वाचत राहिला.

माझ्या वडिलांना, आबांना मात्र तो विषय ऐकून आनंद झाला, आणि त्याला कारण केळी होती. आमच्याकडे यावल-रावेरच्या पट्ट्यात रोज्यांच्या महिन्यात केळीला उठाव असतो. रोजा सोडताना ताटात खजुराशेजारी केळं लागतं, आणि आखाताकडे जाणाऱ्या खोक्यांनी गाड्या भरतात. त्यामुळे आमच्या गावचे माळकरी शेतकरीसुद्धा रमजान कधी लागणार याची चौकशी वर्षभर आधीपासून करतात. लागण केल्यापासून घड कापायला येईपर्यंत जवळजवळ वर्ष जातं. म्हणून उलटा हिशेब करून रोपं लावावी लागतात.

त्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले होते. आबा नव्या बागेत ठिबकच्या नळ्या तपासत होते. उठून उभे न राहताच मला म्हणाले, "तू त्या लोकाईचं शिकू रायली ना, मंग मले एक सांगजो. हे रोजे दोन-तीन साल एका जागी बसतात, अन् मंग उडी मारतात. मागं भादव्यात यायचे, आता पाडवा झाला का लागतात. उडी कव्हा मारतात, तेवढं इचारजो तुह्या सरले."

"विचारते," मी म्हणाले. "पण कॉलेज अजून उघडायचंय."

"घाई नाही. येत्या साली तर बसलेलेच राहतीन. पाडव्यावरच धरली म्या बाग."

पाऊसकाळात धोंड्याचा महिना आला. दोन श्रावण होते त्या वर्षी. आबांनी जावयाला जेवायला बोलावलं, ताटात धोंडे आणि अनारसे वाढले, चांदीचा दिवा दिला. नवऱ्याने तूप नको म्हटलं तर आबा म्हणाले, "खा हो पाव्हणं, हा महिना पंचांगानं फुकट देल्हाय." त्यानंतर दोनेक महिन्यांनी ते गेले. बाग छातीएवढी झाली होती.

दिवसकार्य झाल्यावर मी धुळ्याला परतले, पण पुस्तक उघडेना. माझ्या अभ्यासाची खरी चौकशी करणारं एकच माणूस होतं. सासूबाई आता चिडवत नव्हत्या. एकदा जवळ बसून हलकेच म्हणाल्या, "आते सोडी दे माय. बाप गया तुना. कोणले दखाडशी ती पदवी?" त्यात टोमणा नव्हता. माझी खालावलेली तब्येत पाहून त्या बोलत होत्या. मलाही ते खरं वाटलं. दिवाळीनंतर एक दिवस जायचं, पुस्तकं ग्रंथालयात परत करायची आणि थांबायचं, असं मी ठरवलं.

त्या दिवशी पुस्तकं देऊन झाल्यावर गाडीला वेळ होता, म्हणून वर्गात जाऊन बसले. सर कालगणनेवर बोलत होते. त्यांनी फळ्यावर आपल्या महिन्यांचं एक वर्तुळ काढलं आणि शेजारी हिजरी महिन्यांचं. दोन्ही चंद्रावर चालतात, बारा चांद्रमहिने सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी कमी भरतात, म्हणून आपण अधूनमधून अधिक महिना घालून वर्ष ऋतूंशी जुळवून घेतो. अरबस्तानातही पूर्वी असा जास्तीचा महिना धरत असत असं मानतात. इस्लामने तो बंद केला. "त्यामुळे रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो," सर म्हणाले, आणि आजच्या देशांत पगार एका दिनदर्शिकेवर आणि उपास दुसरीवर कसे चालतात, याकडे वळले.

माझं पुढचं लक्ष लागलं नाही. माझ्या शेजारी जळगावातल्याच मेहरूण भागातून येणारी एक मुस्लिम मुलगी बसायची. मी तिला हळूच विचारलं, "तुमच्यात धोंडा नसतोच?"

"नाही ताई. चांद दिसला की महिना. जास्तीचा कुठून आणणार?"

मी बोटांवर महिने मोजले. रोजे उडी मारतच नव्हते. ते सरळ चालत होते. धोंडा घालून उडी मारत होतो ते आपण. दोन श्रावण झाले त्या वर्षी रमजान पाडव्याला लागणार नव्हता, फाल्गुनातच लागून पाडव्याला संपत येणार होता. आबांची बाग नेमकी तेव्हा तयार होणार होती. त्यांनी ज्या महिन्यात जावयाला अनारसे वाढले, त्याच महिन्याने त्यांचा हिशेब मोडला होता.

त्या मुलीला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला विचारायचं होतं ना आबांनी. एक डझन केळ्यांत सांगितलं असतं." मला हसू आलं. आबा गेल्यावर पहिल्यांदा आलं.

पुस्तकं मी त्याच दुपारी पुन्हा माझ्या नावावर घेतली.

भावाला सांगणं अवघड होतं. आबांनी पाडव्यावर धरलेली बाग, असं तो गावात सगळ्यांना सांगत असे. मी फैजपूरला गेले तेव्हा तो घडांना टेकू लावत होता. सगळं ऐकून त्याने हातातला बांबू खाली ठेवला.

"म्हंजे आबा चुकले?"

"प्रश्न बरोबर होता त्यांचा. उत्तर मिळायच्या आधी लागण करावी लागली."

"आता काही करता येत नाही, अक्का. केळी काय चांद पाहून पिकत नाही." मग बांबू उचलत म्हणाला, "पुढची लागण तू सांगशीन तव्हा करू. पण मंग मधी शिक्षण सोडू नको."

रमजान फाल्गुनात लागला. आमचे थोडे घड लवकर भरले, ते चांगल्या भावात गेले. बाकीची बाग ईदनंतर, उठाव ओसरल्यावर कापली. परीक्षेत मी दोन दिनदर्शिकांमध्ये जगणाऱ्या समाजांवर लिहिलं. लिहिताना मला तेहरान आणि जकार्ता दिसत होतं, आणि मधूनच ठिबकची नळी हातात धरलेले आबा. पदवी घेऊन घरी आले तेव्हा सासूबाईंनी ती हातात घेतली, उलटी-सुलटी पाहिली आणि देव्हाऱ्याजवळ ठेवली.

यंदा पुन्हा धोंडा आहे, दोन ज्येष्ठ. भावाचा फोन वर्ष सुरू व्हायच्या आधीच आला होता. मी त्याला सांगितलं, आता रोजे माघात लागतील. त्याने शेजारच्या दोघा-तिघांनाही ते सांगितलं, आता तेही मला फोन करतात. मेहरूणची मुलगी जळगावातल्या एका शाळेत शिकवते, आणि चांद दिसला की मला कळवते.

आबा नाहीत. बाग उभी आहे, आणि मी वाचते आहे.