मेंदूचे डॉक्टर शनिवारी येतात

माझा थोरला भाऊ गेला त्याला आता वर्ष होत आलं. तो कशानं गेला हे मला नीट माहीत आहे, आणि तेच सहन होत नाही. असाध्य रोगानं गेला असता तर नशिबाला बोल लावून मी पुन्हा माझ्या पुस्तकांत डोकं घातलं असतं. पण कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त साचलं होतं. ते बाहेर काढायला दोन छिद्रं पुरली असती. ती पाडणारा माणूस वेळेवर मिळाला नाही, म्हणून तो गेला.

दादाचं घाटनांदूरला भांड्यांचं दुकान होतं. लग्नसराईत हंडे, कळशा, ताटं यांच्यावर नावं घालायचं काम तो दुसऱ्या कुणाला देत नसे. हातात मशीन धरून, मान वाकडी करून, चष्मा नाकावर ओढून तो स्वतः बसायचा. मी अंबाजोगाईच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. जन्मभर अक्षरांत राहिले, पण घरात अक्षर त्याचंच चांगलं, असं आई नेहमी म्हणायची.

दिवाळीनंतर कधीतरी अर्धवट ओढलेलं शटर त्याच्या डोक्याला लागलं. टेंगूळ आलं, वहिनीनं हळद लावली, आणि सगळे विसरून गेले. बरेच दिवस काही झालं नाही. मग डोकं दुखू लागलं. दुपारी गल्ल्यावरच डुलकी लागू लागली. आणि एक दिवस एक गिऱ्हाईक हंडा परत घेऊन आलं.

"शेठ, नवरीचं नाव उताराला लागलंय. सासरी कुणाला वाचाया यील का?"

दादा हसून म्हणाला, "सासरी भांडं वाजतंय का तेवढं बघत्येत. वाचतंय कोण?"

मी त्या दिवशी दुकानातच होते. गिऱ्हाईक हसत दुसरा हंडा घेऊन गेलं. दादानं मात्र तो जुना हंडा फिरवून फिरवून पाहिला. मशीन धरायचा त्याचा उजवा हात त्यानं मांडीवर ठेवला होता, आणि डाव्या हातानं तो दाबत होता.

अंबाजोगाईच्या आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, हे मेंदूवाल्यांना दाखवा. आता आमच्याकडे मेंदूवाल्यांना दाखवायचं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. मोठ्या शहरातले तज्ज्ञ ठरलेल्या वारी येतात. एखाद्या औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसतात. खाली फलक असतो: मेंदू व मणका, दुसरा आणि चौथा शनिवार. हृदयाचे गुरुवारी, लहान मुलांच्या मेंदूचे महिन्यातून एकदा. जीप भरभरून माणसं येतात. आठवड्याचा बाजार आणि डॉक्टर असं एकाच फेरीत उरकणारी घरंही मी पाहिली आहेत. वर्षानुवर्षं असंच चालल्यामुळे आम्हाला एक सवय लागून गेली आहे. दुखणं कोणतं, यापेक्षा त्याचा वार कोणता, हे आम्ही आधी विचारतो. मग त्या वारापर्यंत दुखणं सांभाळून ठेवतो.

दादाचा मुलगा, माझा भाचा, म्हणाला, "आप्पा, लातूरला जाऊ. तासाभराची तर वाट हाय."

दादा म्हणाला, "शनवारी माणूस आपल्या दारात यायलाय, अन् आपुन त्येच्या दारात कावून पळायचं? दुकान कोण बघंल, तू? तू तर ताटाला परात म्हणतुस."

शनिवारी आम्ही सकाळीच जाऊन बसलो. जिन्यावरसुद्धा माणसं होती. तलवाड्याकडचं एक कुटुंब पहाटे निघून आलं होतं. त्यांच्या सुनेला फिट येत होत्या. एक म्हातारा कमरेचा पट्टा बांधून भिंतीला टेकून उभा होता, कारण बसलं की त्याला उठता येत नव्हतं. दादा त्याच्याशी भांड्यांच्या जुन्या पितळेवर बोलत होता. बोलताना मधेच शब्द हरवायचा, मग हातानं हवेत घागरीचा आकार काढायचा.

दुपार कलली तेव्हा खालच्या दुकानातला माणूस वर आला. "डॉक्टरसाहेब ऑपरेशनमधी अडकल्येत. आज येणं होत न्हाई. पुढल्या पाळीला या."

कुणी भांडलं नाही. मला त्याचाच राग आला होता. लोक उठले, पिशव्या उचलल्या, ज्याच्या त्याच्या एसटीची चौकशी करू लागले. पट्टेवाला म्हातारा एवढंच म्हणाला, "तेबी काय करत्याल, येकटा माणूस किती जागी पुरंल?" त्याचं खरं होतं. तो डॉक्टर तिकडे कुणाचा तरी जीव वाचवत असणार. मी रागवायचं तरी कुणावर?

भाच्यानं पुन्हा लातूर काढलं. दादानं पुन्हा उडवून लावलं. "दोन आठवड्यानं काय आभाळ पडतंय?"

पुढच्या आठवड्यात एका सकाळी त्यानं सदऱ्याच्या बाहीत पाय घालायचा प्रयत्न केला. वहिनी आधी हसली, मग ओरडली.

अंबाजोगाईत एका खासगी दवाखान्यात लगेच सीटी स्कॅन झाला. तिथल्या डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरून दाखवली. डाव्या बाजूला मेंदूला दाबत बसलेला करडा पट्टा मलाही दिसला. ते म्हणाले, "ऑपरेशन फार अवघड नाही. बहुतेक लोक बरे होऊन घरी जातात. आमच्याकडे थिएटर आहे, भूलतज्ज्ञ आहेत, रक्त मिळेल. फक्त ऑपरेशन करणारा आज इथे नाही." आणखी दोन ठिकाणी फोन करून त्यांनी विचारलं. तिथेही त्या दिवशी कुणी नव्हतं. मशीन होतं, खाट होती, आजाराचं नाव होतं. इतकं सगळं असून माणूस नसणं म्हणजे काय, ते मला त्या खोलीत कळलं.

आमच्या गावचा एक मुलगा पुण्यात न्यूरोसर्जन आहे. बारावीला असताना तो आमच्या कॉलेजच्या वाचनालयात बंद व्हायच्या वेळेपर्यंत बसायचा. तो मेंदूचा सर्जन झाला तेव्हा गावानं मंडप घालून सत्कार केला होता. त्याच्या फलकाखाली शुभेच्छुक म्हणून पहिलं नाव दादाच्या दुकानाचं होतं. लातूरकडे निघालेल्या गाडीतून मी त्याला फिल्मचे फोटो पाठवले. त्याचा लगेच फोन आला.

"मॅडम, कुठे आहात? लातूरच्या रस्त्याला लागलात ना? थांबू नका. मी तिथे बोलून ठेवतो."

तो बोलला होता. म्हणूनच लातूरला दारात स्ट्रेचर तयार होतं आणि दादाचं डोकंही लगेच भादरलं गेलं. पण तिथले सर्जन थिएटरमध्ये होते. मोटारसायकलवरून पडलेलं एक पोर टेबलावर होतं, आणि त्याच्यासोबतचं दुसरं बाहेर होतं. सर्जन मधे दोन मिनिटं बाहेर आले. त्यांच्या टोपीखालून घाम गळत होता.

"बाहेरचं हे दुसरं पोर आत्ता घेतलं नाही तर आत्ताच जाईल. तुमचे पेशंट अजून हाकेला ओ देताहेत. यांच्यानंतर लगेच घेतो. दुसरीकडे न्यायचं म्हटलं तर वाटेत जास्त धोका आहे."

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बाहेरच्या पोराची आई आमच्याच बाकावर बसली होती. तिचं पोर मागे ठेवा असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार होते? पण मनात म्हटलं मी. दादा हाकेला ओ देत होता तोवर मी त्याचा हात धरून ते मनात म्हणत राहिले. मग तो ओ देईनासा झाला. नर्सनं पापणी उघडून टॉर्च मारला आणि ती धावत आत गेली. त्यानंतर ऑपरेशन झालं. रक्त निघालं. दादा शुद्धीवर आला नाही.

आमच्यात माणसाला बसवून माती देतात. पट्टीवर फेटा बांधून, कपाळाला भस्म लावून दादाला दुकानासमोर बसवलं, तेव्हा तो गिऱ्हाइकाची वाट पाहत असल्यासारखा दिसत होता.

तिसऱ्या दिवशी तो पुण्याचा मुलगा भेटायला आला. मुलगा कसला, कानावर केस पांढरे झालेत त्याचे. वहिनीच्या पाया पडला, चहा घेतला. मी ठरवलं होतं, काही विचारायचं नाही. तरी विचारलंच.

"तू इथे का नाही येत?"

"आलो होतो, मॅडम. आपल्याच जिल्ह्यात काही महिने काढले मी. एकट्यानं हे काम होत नाही. दिवसभर ऑपरेशन करायचं, रात्री पेशंटच्या डोळ्याची बाहुली मोठी झाली हे ओळखणारी नर्स हवी. मी झोपलो तर माझ्या जागी उभा राहणारा दुसरा हवा. तो नव्हता. मी तीन माणसांचं काम करत होतो आणि एकाचं नीट होत नव्हतं. एकदा टेबलाशी उभ्या उभ्या डोळा लागला. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला."

"मग दोघं तिघं मिळून या."

"मी कितीजणांना विचारलंय, तुम्हाला खोटं वाटेल. प्रत्येकजण म्हणतो, आधी तू जा, मग आम्ही बघू. आणि गंमत बघा, पुण्यात माझ्या ओपीडीत बसलेली कितीतरी माणसं इकडचीच असतात. मी तिकडे गेलो, ती माझ्या मागे आली."

मला गंमत वाटली नाही. मी काही म्हणणार तेवढ्यात दाराशी कुजबुज ऐकू आली. सांत्वनाला आलेली माणसं, असं मला वाटलं. पण प्रत्येकाच्या काखेत ते मोठं पाकीट होतं, एक्स-रेचं, एमआरआयचं. गावात मेंदूचा डॉक्टर आलाय ही बातमी फुटली होती.

भाचा उसळला. "लाज हाय का न्हाई बे? आमच्या घरात माणूस गेलाय!"

"म्हणून तर आलाव, मालक," एकजण म्हणाला. त्यात टोमणा नव्हता.

वहिनीनं नुसता हात हलवला, येऊ द्या म्हणून. डॉक्टर दाराच्या उजेडात बसला आणि एकेक फिल्म वर धरून पाहू लागला. हळू आवाजात, कुणालाही घाई न करता. आमच्या दुःखाच्या घरात ओपीडी भरली होती आणि मला कुणालाही हाकलता येत नव्हतं. मग त्याचा फोन वाजला. पुण्यात काहीतरी बिघडलं होतं. तो हात जोडून उठला, आणि गाडीपर्यंत माणसं त्याच्या मागे गेली.

शेवटी राहिलेली एक बाई परत माझ्याकडे आली. सोबत नवरा होता, एका अंगानं ओढत चालणारा. "बाई, तुमी शिकलेल्या हायत. तुमी तरी बघा."

मी फिल्म उजेडात धरली. मला काहीही कळलं नाही. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "मग आता त्ये कधी येनार?"

"वाट बघू नका," मी म्हणाले. माझा आवाज इतका चढला की स्वयंपाकघरातून बायका बाहेर आल्या. मी भाच्याला म्हटलं, "गाडी काढ. यांना लातूरला घेऊन जा."

"आत्या, आज तिसरा दिवस हाय. लोकं यायलेत."

"लोकांशी मी बसते."

तो किल्ली आणायला आत गेला. लातूरला टेबलावर आधीच कुणीतरी असेल, आणि बाहेर कुणाची तरी आई बसलेली असेल, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी पाठवलं.