पुंजाराम पेंटरची जाडजूड अक्षरं

१९७८ साली चतुराबाईंनी हायवेवरच्या द्वारका चौकाजवळ खानावळ काढली आणि तीनच महिन्यांत ती बंद करायची वेळ आली. पाटी सुबक होती, पण तिची नाजूक अक्षरं वाचेपर्यंत ट्रक पुढं निघून गेलेला असे. शेवटी त्यांनी पुंजाराम पेंटरला बोलावलं.

पुंजाराम मूळचा भिंतींना चुना देणारा. अक्षरंही तो त्याच रुंद कुंचल्यानं काढी. त्यामुळे ती पोट सुटलेल्या पैलवानासारखी ऐसपैस, धावायला निघाल्यासारखी पुढं झुकलेली असत आणि शेवटाला कुंचल्याचे केस उमटत. आधी मोजमाप घेणं त्याला कमीपणाचं वाटे. त्यानं एका दमात ‘चतुराबाई’ लिहिलं आणि पत्रा संपला.

चतुराबाईंनी पत्रा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. “पेंटर, खानावळ कुठाय?”

“तुमच्या पाठीमागं, मावशी. वास येतोय की.”

“मला येतोय. ट्रकमधल्या ड्रायव्हरला कसा येणार?”

“त्याला आधी थांबू तर द्या.”

दुसऱ्या दिवशी खरंच एक ट्रक थांबला. “या चतुराबाई कोण?” असं विचारत ड्रायव्हर उतरला आणि जेवूनच गेला. महिन्याभरात बाकडी अपुरी पडू लागली. पुढं दिंडोरीच्या बागायतदारांनी द्राक्षांच्या पेट्यांवर तीच अक्षरं मागितली.

खानावळ पुंजारामनं तारली, असं चतुराबाई म्हणत. आपलं नाव चतुराबाईंमुळं झालं, असं पुंजाराम म्हणे. हा वाद रोज दुपारी त्याच्या ताटापाशी रंगे आणि तो जिंकण्यासाठी चतुराबाई त्याला आणखी एक भाकरी वाढत.