टँकरचा पाऊस

पहिली मेंढी कॅमेऱ्यासमोरच पुढच्या गुडघ्यांवर बसली आणि मान टाकून पडली. दिग्दर्शक छत्रीखालून ओरडला, "सुंदर! कोणी हलू नका! पाणी चालू ठेवा!"

टँकरचा पंप चालूच होता. मोठा पंखा ते पाणी आडवं फेकत होता. पौषातली सकाळ, गंगापूर रस्त्याकडचं उघडं माळरान आणि आदल्याच दिवशी कातरलेली मेंढरं. माझा धाकटा भाऊ पिक्चरचं धोतर नेसून कळपाच्या मधोमध उभा होता. तो दिग्दर्शकाकडं बघत नव्हता, माझ्याकडं बघत होता. चित्रपट माझा होता. बंद करा म्हणायचा हक्क तिथं मला एकटीला होता आणि ते त्याला ठाऊक होतं.

मी तसं म्हटलं नाही.

मी मेंढपाळाच्या घरात जन्मले. शिकले चौथीपर्यंत. पाचवीची शाळा एकीकडं होती आणि आमचा कळप दुसरीकडं जायचा. लग्न होऊन शहरातल्या छावणी भागात आले. नवरा शूटिंगवाल्यांना जीप भाड्यानं द्यायचा, त्यांचं जेवण माझ्या चुलीवरून जायचं. जेवण वेळेवर पोचवणारी बाई गाड्याही वेळेवर पोचवील, असं एकाला वाटलं. मग जागा, माणसं, परवानग्या, सगळं माझ्या अंगावर आलं. बरीच वर्षं दुसऱ्यांचे चित्रपट उभे केल्यावर मी स्वतःचा काढला. तो चालला. दुसराही चालला. मुलाखतीला येणारे विचारतात, "प्रेरणा काय होती?" मी सांगते, "नवऱ्याची जीप." ते हसतात. मी विनोद केलेला नसतो.

हा तिसरा चित्रपट धनगराच्या घराचा होता. शेवटी पाऊस येतो, असा. खरा पाऊस दोन वर्षं आला नव्हता. विहिरींना तळ दिसत होता आणि शहराजवळच्या माळांवर चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडणं चाललं होतं, म्हणजे चरायलाही जागा राहिली नव्हती. मी भावाचा कळप घ्यायचं ठरवलं. बोली अशी झाली की टँकरमधलं निम्मं पाणी पिक्चरच्या पावसाला आणि निम्मं मेंढरांना. वर युनिट असेपर्यंत चारा. कळप मिरगाच्या पावसापर्यंत तगवायचा, एवढंच त्याला पाहिजे होतं.

दिग्दर्शकानं कळप बघितला आणि नाक मुरडलं. "बाई, कॅमेऱ्यात या मळक्या गोधड्या दिसतात. काहीतरी करा."

मी भावाला कातरायला सांगितलं.

"अक्का, असल्या थंडीत कातरत नसत्यात. तुला पण सांगावं लागतंय का आता?"

"ऊन पडतं की. एका दिवसाचं काम आहे."

"आन् वरून पाणी मारणार म्हणं."

"शिंतोडे."

"शिंतोडे," तो म्हणाला. "बरं. शहरात शिंतोडे कशाला म्हणत्यात ते बघू."

त्यानं कातरलं. मी मोठी बहीण होते आणि पाणी माझ्याकडं होतं, म्हणून कातरलं. कातरलेलं मेंढरू पावसात धरू नये हे आमच्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगतं. त्यात ती उपाशी, हाडं मोजून घ्यावीत अशी. मी चुकून काही केलं नाही. मला माहीत होतं. एक मेंढी तेवढी लंगडी होती. "लंगडी नको, फ्रेम बिघडते," दिग्दर्शक म्हणाला. ती न कातरता बाभळीला बांधून ठेवली.

शूटिंगच्या सकाळी वस्तीवरच्या बायका हंडे घेऊन येऊन उभ्या राहिल्या.

"व्हय बाई, तुमच्या पावसाखाली हंडा धरला तर चालंल का?" एकीनं विचारलं.

"धर की," दुसरी म्हणाली, "पिक्चरमधी तरी दिसशील. घरी नवरा कुठं बघतुय तुझ्याकडं!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. हंडा कुणाला धरू दिला नाही.

पहिल्या वेळी कॅमेऱ्याच्या काचेवर पाणी उडालं आणि शॉट वाया गेला. पावसाचं निम्मं पाणी संपलं. उरलेलं मेंढरांचं होतं. दुसरा टँकर मिळणार नव्हता. दिग्दर्शकानं माझ्याकडं बघितलं. मी होकाराची मान हलवली. त्या दुसऱ्या वेळी ती मेंढी बसली.

टँकर रिकामा झाला तेव्हाच पंप थांबला. बाकीची मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालून एका जागी थिजली होती. भाऊ स्वतःच्या घोंगडीनं त्यांना पुसत होता, पण घोंगडी एक आणि मेंढरं सगळी. कोरडं गवत पेटवलं, पोती पांघरली. जनावरांचा डॉक्टर दुपारी आला, हात लावून म्हणाला, "यांच्या अंगात काय उरलंय, मी सुई कशाला टोचू?" तिसऱ्या दिवसापर्यंत कळप संपला.

चित्रपट लई चालला. सत्कार झाले. एका सत्काराला शहरातले एक शिकलेले गृहस्थ मला म्हणाले, "बाई, ती मेंढी गुडघ्यावर बसते ना, तिथं मी रडलो. मुक्या जनावराकडून कसं करून घेतलंत?" मी म्हटलं, "कातरून, थंडीत पाणी मारून." त्यांना वाटलं बाई फटकळ आहे.

भाऊ एकदाच बघायला आला. मीच गाडी पाठवली होती. ते दृश्य आलं तसा तो पुढं सरकून बसला आणि हळू आवाजात एकेक ओळखू लागला. ही काळ्या तोंडाची, ही पहिलटकरीण. गुडघ्यावर बसणारीशी येऊन थांबला.

"अक्का, रोज किती खेळ असत्यात हितं?"

"चार."

"म्हंजी रोज चारदा मारतीस तिला."

गाडी न घेता तो पायी गेला.

पुन्हा कळप त्यानं केला नाही. उस्मानपुऱ्यात एका इमारतीचा वॉचमन झाला. मला तिथं फाटकाशी बघितलं की उठून उभा राहतो, परक्या बाईसाठी उभं राहावं तसा. अक्का म्हणत नाही. त्या माळरानावर आता घरं झाली आहेत, नळ आहेत.

लंगडी मेंढी पुढं पाच वर्षं जगली. भाऊ जगला. मी जगले.