प्रत सर्व सभासदांना

एक मीटर ऐंशी सेंटीमीटर. बागेचं कुंपण याहून बोटभरही उंच चालणार नाही, असं लेर्केव्हँग उद्यान संघटनेच्या नियमावलीत अकराव्या कलमात लिहिलंय, आणि हे अकरावं कलम थोर्किल्ड ब्रोगोरला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्कं पाठ होतं. लग्नाची तारीख तो दोनदा विसरला होता. कलम एकदाही नाही.

डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहराच्या कडेला, रेल्वेरुळांपलीकडे चौसष्ट बागा. प्रत्येक बागेत एक लाकडी खोपटं, चार बटाट्याचे वाफे, एक झेंड्याची काठी आणि सुट्टीच्या दिवशी शांतपणे कॉफी पिऊ इच्छिणारी दोन-तीन माणसं. या बिचाऱ्यांचा अध्यक्ष थोर्किल्ड. नगरपालिकेच्या अभिलेख विभागात अडतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेला. ज्या माणसाने अडतीस वर्षं कागद जपले, तो घरी बसून काय करणार? कागद संपले, तेव्हा त्याने मेल सुरू केले.

सकाळी आठला तो पिवळी मोजकाठी घेऊन निघायचा. कुणाचं कुंपण वाढलेलं दिसलं की काठी शेजारी उभी करून फोटो. एक नाही, चार. पूर्वेकडून, पश्चिमेकडून, लांबून, आणि काठीवरचा आकडा नीट दिसावा म्हणून जवळून. मग मेल. ज्याचं कुंपण त्याला लिहून भागलं असतं, पण छे! प्रत सर्व सभासदांना. खाली 'संदर्भासाठी' आधीचा सगळा पत्रव्यवहार, त्यातल्या सगळ्या फोटोंसकट. एखाद्या भल्या माणसाने 'मिळाला' एवढंच उत्तर धाडलं, तर थोर्किल्ड लगेच कळवायचा की आपलं उत्तर मिळालं. तेही सर्वांना, आणि पुन्हा ते चार फोटो.

आलेला-गेलेला प्रत्येक मेल तो फोनवरच्या कप्प्यात लावून ठेवायचा. 'कुंपण पूर्व', 'कुंपण पश्चिम', 'पाणी', 'झेंडा', आणि सगळ्यांत जाडजूड कप्पा 'गुद्रून', एका सभासद बाईच्या नावाचा. कप्प्यात लावलं की जागा मोकळी झाली, अशी त्याची ठाम समजूत. कचेरीत तसंच असायचं ना! टेबलावरचं कपाटात गेलं की टेबल रिकामं.

त्याची बायको बोदिल वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघराची मुख्य होती. तिचा आवाज चार बागा ओलांडून जायचा. थोर्किल्डला कुणी वठणीवर आणू शकत असेल तर तीच. पण गेल्या वर्षीच्या मे महिन्यात तिला पक्षाघाताचा झटका आला आणि तो आवाज गेला. पाय सावरला, डावा हात चांगला चालतो, समजतं तर सगळं, पण शब्द ओठांपर्यंत येऊन अडकतात. चौदा महिने झाले. आता ती फक्त भुवया उडवते. त्या भुवयांना थोर्किल्ड तोंडाला भ्यायचा त्याहून जास्त भितो.

यंदा मे महिन्यात, वार्षिक सभा आठवड्यावर आलेली असताना, फोनने पाट्या दाखवायला सुरुवात केली. जागा संपली. नवा फोटो निघेना. कुंपणं तर वाढत होती!

थोर्किल्ड खोपट्याच्या पायरीवर बसला आणि विचारपूर्वक निर्णय घेतला. मेल म्हणजे दस्तऐवज. दस्तऐवज नष्ट करायला दोन सह्या लागतात. फोटो आणि व्हिडिओ म्हणजे खाजगी बाब, त्याला सही लागत नाही. मग बसल्या बैठकीला त्याने दोन हजार शंभर फोटो आणि साठ व्हिडिओ पुसून टाकले. नातवंडं गेली, मेलेला कुत्रा पुन्हा एकदा मेला, बोदिल सगळीच्या सगळी गेली. वर फोनमधली कचरापेटीही त्याने रिकामी केली. 'अर्धवट काम मी करत नाही,' हे वाक्य तो प्रत्येक सभेत एकदा तरी म्हणायचाच. सभेत तो पुन्हा निवडून आला. आला म्हणजे काय, दुसरं कुणी उभंच राहिलं नाही.

तीन आठवड्यांत फोन पुन्हा भरला.

जुलैत एका सोमवारी बोर्नहोल्म बेटावरून मुलीचा, रिक्केचा फोन आला.

"बाबा, आईच्या वाचा-उपचारवाल्या बाईंशी बोलले मी. त्या म्हणतात, आजाराआधीचं तिचं रेकॉर्ड केलेलं बोलणं आणा. स्वतःच्याच आवाजाबरोबर सराव केला की शब्द सुटायची शक्यता असते. गुरुवारी हवंय."

"तुझ्याकडे असेल ना?"

"माझ्याकडे कुठून असणार? कॅमेरा दिसला की आई पळायची. तू ते बागेत गुपचूप घेतलं होतंस ना, ती तुला झापत होती ते? तेवढं एकच आहे. पाठव पटकन."

थोर्किल्डने फोन दुसऱ्या कानाला लावला. "बघतो," म्हणाला. टेबलापलीकडून बोदिल त्याच्याकडे बघत होती. भुवई वर.

मंगळवारी तो ग्रंथालयात गेला. तिथे आल्मा नावाची ग्रंथपाल म्हाताऱ्या माणसांचे फोन सरळ करून देते. तिने फोन हातात घेतला, दोनदा बोट फिरवलं आणि शीळच घातली.

"थोर्किल्ड, अर्ध्याहून जास्त फोन तुझ्या मेलच्या अ‍ॅपने गिळलाय!"

"शक्य नाही. मेल म्हणजे नुसती अक्षरं."

"अक्षरांचं वजन नसतंच. फोटोंचं असतं. नेटवर्क नसतानाही तुला मेल वाचता यावा म्हणून हे अ‍ॅप प्रत्येक मेलची नक्कल फोनात आणून ठेवतं. उघडलेला प्रत्येक फोटो, प्रत्येक कागद. त्यात तू एकच कुंपण कितीदा पाठवलंयस? हे बघ, हा फोटो तीनशे वेळा आहे. आणि तू शोधलंस की लगेच सापडावं म्हणून ते सगळ्याची एक यादी बनवतं, तिलाही जागा लागते."

"पण मी सगळं कपाटात लावलंय!"

"कपाट फोनमध्येच आहे ना, बाबा! या खोक्यातलं त्या खोक्यात टाकलंस, घर तेवढंच. हे बघ, इथे ठरवता येतं. फक्त शेवटच्या महिन्याचे मेल फोनवर ठेव. बाकीचे तिकडे कंपनीच्या यंत्रावर सुखरूप राहतील. लावू?"

"नको," थोर्किल्ड म्हणाला. "कागद हाताशी हवा."

आल्माने हात टेकले. मग त्याने हळू आवाजात व्हिडिओचं विचारलं. पुसलेलं काही दिवस कचरापेटीत असतं, ती म्हणाली. कचरापेटी त्याच दिवशी रिकामी केली, तो म्हणाला. तिने फोन हळूच त्याच्या हातात परत ठेवला. माणसाने कीव करावी इतका वाईट चेहरा झाला होता त्याचा.

आणि मग त्याला आठवलं. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये गुद्रूनच्या कुंपणाचा मेल पाठवताना त्याचं बोट चुकलं होतं आणि फोटोऐवजी तो बावीस सेकंदांचा व्हिडिओ जोडला गेला होता. प्रत सर्व सभासदांना! बायको अध्यक्षाला झापते आहे आणि त्रेसष्ट जण बघताहेत, या कल्पनेने त्याला घाम फुटला होता. त्याने ताबडतोब दुसरा मेल धाडला, तो आजही फोनवर होता: 'यापूर्वीचा मेल चुकून गेला आहे. सभासदांनी तो न उघडता नष्ट करावा. ही विनंती नसून सूचना आहे.' आणि स्वतःची प्रत त्याने सगळीकडून समूळ पुसली होती. अकरा हजार मेलांतून आयुष्यात त्याने एकच मेल पुसला, आणि नेमका तो.

पण त्रेसष्ट लोकांकडे तो गेला होता ना! बुधवारी सकाळी थोर्किल्ड मोजकाठी न घेता बागांमधून निघाला. लोक खिडकीतून बघायला लागले, कारण त्याच्या हातात काठी नाही असं कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

पहिली बाग खजिनदार योर्नची. योर्न स्ट्रॉबेरी तोडत होता.

"दोन वर्षांपूर्वीचा मेल?" योर्नने टोपी मागे सरकवली. "काय सांगू थोर्किल्ड... तुझे मेल माझ्याकडे आले की परस्पर कचऱ्यात जातात. आपोआप. महिन्याने साफ."

"आपोआप म्हणजे?"

"तशी सोय असते. तू अध्यक्ष झालास त्याच वर्षी नाताळच्या जेवणात मीच सगळ्यांना लावून दिली. तू तेव्हा दारूच्या बाटल्या मोजत होतास."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. फोन तुंबत होते रे आमचे. माझ्या सुनेच्या बाळाचा पहिला फोटो आला तर जागा नाही, आणि उघडून बघतो तर तुझी पिवळी काठी!"

"मग पाणी बंद असल्याचं तुम्हाला कळायचं कसं?"

"नळ उघडून," योर्न म्हणाला.

थोर्किल्ड तरीही बारा बागा फिरला. बारा ठिकाणी तेच. कुणी ओशाळून सांगितलं, कुणी दात काढून. नऊ वर्षं त्याने चौसष्ट कुटुंबांची इतकी काळजी वाहिली आणि एकाही मेल्याने एक अक्षर वाचलं नव्हतं. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मग गुरुवार आठवून विझलीही.

नाताळच्या जेवणाला कधीच न येणारं एकच फाटक उरलं. गुद्रून फोगचं. कुंपण दोन मीटर बारा. निवृत्त सुईण, जीभ धारदार. तिने थोर्किल्डविरुद्ध उद्यान संघटनांच्या जिल्हा महासंघाकडे तक्रार केली होती आणि ती चार वर्षं चालू होती. फाटकाशी तो इतका वेळ उभा राहिला की तीच आतून ओरडली, "आत ये! मोजायचं असेल तर आतूनही तेवढंच भरेल!"

त्याने उभ्यानेच सगळं सांगितलं. बोदिलचं, उपचारवाल्या बाईंचं, पुसल्याचंही. गुद्रूनने कॉफीचा कप त्याच्यापुढे सरकवला.

"आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "तुझा एकूण एक मेल आहे. पुरावा म्हणून ठेवलाय, महासंघाला द्यायला. मी सगळे वाचते. त्या सगळ्या बागांत वाचणारी मी एकटी, आहेस कुठे तू!"

तिने फोन टेबलावर ठेवला आणि चालू केला. वाफ्यात उभी बोदिल, हातात उलथणं, आणि तो आवाज, चार बागा ओलांडून जाणारा: "थोर्किल्ड! बंद कर ते! त्या बाईचं कुंपण काय तुझ्या ताटात पडलंय? बटाटे गार झाले. आणि वाचतं कोण रे तुझे मेल? मी तरी वाचते का? बंद कर म्हणते ना!"

थोर्किल्डने चष्मा काढला. गुद्रून मुद्दाम कुंपणाकडे बघत बसली.

"तुझ्या अकरा हजार मेलांत बघण्याजोगा एवढाच," ती म्हणाली. "पुष्कळदा बघते मी. तुला पाठवते. फक्त तुला हं, प्रत कुणालाही नाही. तसाही मेल जातो बरं का."

मेल आला, पण उघडेना. जागा संपली. थोर्किल्डने घाईघाईने आल्माने दाखवलेली ती महिन्याची सोय शोधायला घेतली, पण ती काही सापडेना.

"काहीतरी पूस ना मग!" गुद्रून म्हणाली.

त्याने कप्प्यांची यादी उघडली. 'पाणी' लहान. 'झेंडा' लहान. 'गुद्रून', तीन हजार चारशे मेल. अध्यक्ष म्हणून उभं केलेलं सगळं प्रकरण, काठीवरच्या प्रत्येक सेंटीमीटरसकट. दोन सह्यांशिवाय. तो तिच्याकडे बघत राहिला, तिनेही नजर हलवली नाही. त्याने बोट दाबलं. तरीही व्हिडिओ उघडेना.

"कचरापेटी, थोर्किल्ड," ती गोड आवाजात म्हणाली. "अर्धवट काम तू करत नाहीस ना?"

त्याने तीही रिकामी केली.

दुपारी खोपट्यात नवे बटाटे शिजवून त्याने टेबलावर ठेवले आणि बोदिलपुढे फोन धरला. तिने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भुवया वर गेल्या. दुसऱ्यांदा ती हसायला लागली. तिसऱ्यांदा स्वतःच्या आवाजाबरोबर तिचे ओठ हलायला लागले. थोर्किल्डला राहवेना. एवढी मोठी गोष्ट! फोन ओढून तो टाइप करायला लागला. 'विषय: आनंदाची बातमी. प्रत: सर्व सभासदांना.'

बोदिलचा डावा हात पुढे आला आणि फोनवर आडवा पडला. तिचा चेहरा लाल झाला, गळ्याच्या शिरा ताणल्या, कपाळावर घाम आला.

"बं... बंद," ती म्हणाली. "बंद कर."

चौदा महिन्यांनंतरचे पहिले दोन शब्द. थोर्किल्डने फोन बंद केला, डोळे पुसले, आणि गार व्हायच्या आत बटाटे वाढायला घेतले.