बिरजूने सोडलेली सुरी

मूल गावच्या बुरूडपुऱ्यात गुणाबाईच्या तोंडी कुणी लागत नसे. दुसऱ्याच्या हातचं सूप दिसलं की ती म्हणे, "यानं धान पाखडाचं का वारा घ्याचा?" तिची सुपं मात्र चांद्यापर्यंत जात. ती विणायला लागणारी बांबूची बारीक कांब ती बिरजू लोहाराच्या सुरीनेच काढी. जाड पाठीची सुरी, पातं मुठीच्या टोकापर्यंत सलग गेलेलं, बांबूचं पेर आलं तरी न अडखळणारी. लग्नाच्या साली घेतलेली ती सुरी घासून घासून करंगळीएवढी उरली, आणि सन पंचावन्नच्या हिवाळ्यात, ऐन सुपांच्या दिवसांत, मोडली.

बिरजूने सुऱ्या घडवणं सोडलं होतं. थंड भट्टीपुढे पोतं अंथरून तो नागपूरचे मिटते चाकू विकत बसे.

"ते सुरी मी बंद केली, बाई. हा घे. नागपूरचा माल, खिशात मावते."

"मले खिसा नाई," गुणाबाई म्हणाली. "अन् यानं कांदा कापाले गेलं त कांदा हसन."

तरी दुसरं काही नव्हतं म्हणून तिने चाकू नेला. बांबूवर जोर देताच पातं मिटलं ते तिच्या बोटावर. चिंधी बांधून ती परत आली आणि चाकू पोत्यावर फेकला.

"लोहाराच्या पोटी जन्मला अन् खेळणे विकून राह्यला. बापानं पाह्यलं असतं त ऐरणीवर तुलेच ठोकलं असतं."

चाकू बिरजूच्या गुडघ्यापाशी पडला होता आणि त्याचा हात भलतीकडेच चाचपत होता. गुणाबाईने ते पाहिलं.

"दिसत नाई का तुले?"

"दिसते," तो म्हणाला. मग खाली मान घालून, "तापल्या लोखंडाचा रंग नाई दिसत. पाणी देताना चुकते, पातं तडकते."

"मंग तसं सांगाचं. नागपूरच्या मालाचे गोडवे काऊन गात होता?"

"तुले सांगतलं असतं त गावभर केलं असतं."

तिला त्याची दया आली नाही, रागच आला. इतके दिवस हा माणूस लाजेपायी गावाला भिकार चाकू विकत होता.

दुसऱ्या दिवशी ती मोटारीच्या मोडक्या कमानपट्टीचा पोलादी तुकडा घेऊन आली आणि भात्याशी बसली. बिरजूने हाताच्या अंदाजानेच पातं घडवलं आणि परत विस्तवात घातलं.

"रंग सांग."

"लाल."

"लाल त कुंकूही असते. कसा लाल?"

"पळस फुलल्यावानी."

त्याने पातं पाण्यात घातलं. ते तडकलं.

"तडकलं म्हंजे पिवळं झालतं. पिकलं टेंभरू पाहून पळस म्हनते," बिरजू तुच्छतेने म्हणाला. "एवढे दिवस जंगलात काय पाह्यलं तुनं?"

गुणाबाईला असं कुणी बोललं नव्हतं. तिने दात आवळून भाता ओढला. दुसऱ्या खेपेला तिने पात्यावरून नजर काढली नाही, मग म्हणाली, "आता." पातं टिकलं.

तिने तिथेच बांबू चिरला. सुरी पेरातून सरळ गेली.

"मूठ वाकडी हाये," ती म्हणाली.

"हात वाकडा असन."

पुढे बाकीचे बुरूडही सुऱ्या मागू लागले. बिरजूला हातोडा उचलवत होता तोवर गुणाबाई त्याच्या भात्याशी बसत राहिली, आणि दोघं एकमेकांची अक्कल काढताना रस्त्यापर्यंत ऐकू येत.