अमावास्येचे बारा रुपये

नाशिकच्या कचेरीबाहेर चिंचेखाली बसून मी लोकांचे कागद लिहितो. खरेदीखत, गहाणखत, भाडेचिठ्ठी, अर्ज, काय हवे ते. लिहिणावळ चार आणे. अक्षर मोत्यासारखे आणि डोके लवकर तापणारे, त्यामुळे लोक मला सावळीरामभाऊ म्हणतात ते जरा अंतर राखूनच. माझ्या कागदात फट सापडत नाही, असे मी कित्येक वर्षे छाती फुगवून सांगत आलो.

१९३५ची दिवाळी झाली आणि आठवड्याभरात निसार नावाचा एक तरुण बायकोला घेऊन माझ्यापुढे येऊन बसला. तेवीस-चोवीस वर्षांचा, सडपातळ, नाशिक रोडच्या छापखान्यात कागद मोजायच्या कामाला. महिना बावीस रुपये, दर दहा तारखेला हातात. बायको आबिदा एकोणीसची. दोघे निसारच्या थोरल्या भावाकडे, बद्रुद्दीनकडे, अर्ध्या खोलीत राहत होते. खोलीच्या मधोमध साडीचा पडदा, पलीकडे भाऊ, भावजय आणि चार मुले.

"भाभी खोकल्या तरी वाटतं, आपल्यालाच काही बोलल्या," आबिदा म्हणाली. निसारने तिच्याकडे रागाने पाहिले. घरातले बाहेर सांगायचे नसते, असे त्याचे म्हणणे. मला मात्र ती तेव्हाच आवडली.

घर विकणारी गोजराबाई त्यांच्यासोबतच आली होती. मखमलाबादची माळीण, विधवा, झेंडू-शेवंतीची शेती. फुले ठेवायला म्हणून तिच्या नवऱ्याने कधीतरी नाशकातच कथडा भागात दोन खोल्या घेतल्या होत्या. मातीच्या भिंती, वर कौले, पुढे सागवानी दार. त्या घरात किमतीची वस्तू म्हणाल तर ते दारच होते. दोन फळ्यांचे, पितळी कड्यांचे, जड.

नगद घेतले तर अडीचशे, असे गोजराबाई म्हणाली. नगद कुठले? आबिदाची अट होती की व्याजाचा पैसा घरात येणार नाही आणि घरातून जाणार नाही. मग बोलाचाली होऊन तीनशेवर सौदा बसला. वरच्या पन्नासांना व्याज म्हणायचे नाही, किंमत म्हणायचे! मी गालातल्या गालात हसलो. आबिदाच्या ते लक्षात आले. ती म्हणाली, "भाऊ, किंमत एकदा ठरते आणि तिथंच थांबते. व्याज थांबत नाही."

साठ रुपये विसार. त्यात आबिदाची लग्नात मिळालेली मेहेरची चांदी गेली, पायातले पैंजण सुद्धा. उरलेले दोनशे चाळीस वीस हप्त्यांत, दर हप्ता बारा रुपये. घराचा ताबा लगेच. हप्ता कधी द्यायचा, असे मी विचारले तेव्हा गोजराबाई म्हणाली, "दर आवसेला. मला तारखा नाय कळत. माझं समदं तिथीवर. फुलांचं गिऱ्हाईक तिथीवर, तर पैसं बी तिथीवर."

निसारने मान हलवली. पगार दहाला, आणि येणारी अमावास्या सव्वीस नोव्हेंबरची. मध्ये सोळा दिवस. त्याला ते सोयीचे वाटले. मलाही वाटले.

मग मी कागद लिहायला घेतला, आणि नेहमीचे कलम नेहमीच्या हाताने त्यात उतरले: "अमावास्येच्या दिवशी सूर्यास्ताआत रक्कम पोच न झाल्यास, एकही हप्ता चुकल्यास सौदा रद्द समजावा व तोवर भरलेली सर्व रक्कम भाड्यापोटी जमा धरावी." खाली आणखी एक: "रक्कम पुरी फिटेपर्यंत घराची मोडतोड करू नये." कोणी सांगितले नव्हते. माझ्या हप्त्यांच्या कागदांत ही कलमे असतातच. मी कागद वाचून दाखवला, म्हणजे भटजी मंत्र म्हणतात तसा, एका दमात. गोजराबाईने मान डोलावून अंगठा उठवला. निसारला वाचता येत होते. त्याने ते कलम दोनदा वाचले आणि सही केली.

वर्षभर सगळे सुरळीत चालले. सुरळीत म्हणजे काय, तर बावीसातले बारा गेले की उरलेल्या दहात महिना काढायचा. किराणा सलीमच्या दुकानातून उधारीवर, आणि लग्नाच्या वेळची बाकी तिथे आधीच तुंबलेली. आबिदा विड्या वळायची. कथड्यातून येता-जाता मला ती दारात सूप घेऊन बसलेली दिसे. "काय आबिदाबाई, घर चढलं का अंगावर?" मी विचारायचो. "नाही भाऊ, आम्हीच चढतोय त्याच्यावर, एकेक पायरी," ती म्हणायची. अजून हसत होती तेव्हा.

ईद झाली ती १९३६च्या डिसेंबरात. त्यानंतर चार दिवसांनी आबिदा एकटी कचेरीपाशी आली. पदर डोक्यावरून ओढलेला, चेहरा उतरलेला. म्हणाली, "भाऊ, अमावास्या पुढे येतेय."

"कुठून पुढे येतेय?"

"पगाराच्या अंगावर. गेल्या साली ईद डिसेंबरच्या अखेरीस होती. यंदा पंधरालाच झाली. आमचा चांद दर साली दहा-अकरा दिवस आधी येतो, हे लहानपणापासून ठाऊक आहे. तुमची अमावास्या त्याच चांदाची ना? मग ती पण तशीच येणार. पहिला हप्ता सव्वीसला होता. या महिन्यात तेराला दिला. पगार तर दहालाच."

मी पंचांग काढले आणि बोटाने मोजत गेलो. जानेवारी बारा. फेब्रुवारी अकरा. मार्च बारा. एप्रिल अकरा. मे दहा. विसावा, शेवटचा हप्ता: जून आठ. पगाराच्या दोन दिवस आधी.

साठ विसार आणि एकोणीस हप्ते, म्हणजे दोनशे अठ्ठ्याऐंशी रुपये भरून झाल्यावर, दोन दिवसांसाठी घर जाणार. आणि ते घालवणारे कलम माझ्या मोत्यांसारख्या अक्षरात.

"सहा महिने आहेत," मी म्हणालो. "महिना दोन रुपये बाजूला टाका." सांगणाऱ्याचे काय जाते!

तिने टाकलेही. विड्यांचे पैसे एका डब्यात, आणि डबा तांदळाच्या मडक्यात. मार्चअखेर सहा रुपये झाले. मग निसारला ताप आला. आठ दिवस अंथरुणात, आठ दिवसांचा पगार कापला, म्हणजे सहा रुपयांच्या आसपास. एप्रिलचा हप्ता दिला तेव्हा डबा रिकामा. तशातच सलीमने उधारी बंद केली. माणूस वाईट नव्हता, त्यालाही लासलगावच्या व्यापाऱ्यांचे देणे होते. पण जुनी बाकी फिटेपर्यंत मूठभर डाळ सुद्धा नाही म्हणाला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

मेची दहा तारीख सोमवारी आली. पगार आणि अमावास्या एकाच दिवशी. छापखान्यात पैसे हातात पडायला पाच वाजले. निसारने आयुष्यात पहिल्यांदा एकट्यासाठी टांगा केला, पंचवटीपर्यंत, आणि तिथून मखमलाबादच्या वाटेने पळत सुटला. पोचला तेव्हा सूर्य झाडांच्या मागे टेकला होता. गोजराबाई ओट्यावर बसली होती. पैसे घेतले आणि म्हणाली, "आलास का. बरं झालं, आजच आलास."

एवढेच. पण निसारने ते वाक्य महिनाभर उराशी धरले. "आजच आलास म्हणजे काय, भाऊ? उद्या आलो असतो तर?" तो मला विचारायला आला होता. त्याच्या गालांची हाडे वर आली होती.

खरे तर मी तेव्हाच म्हणायला हवे होते, "जा, बाईला विचार, दोन दिवस थांबशील का." किंवा मीच जायला हवे होते. पण मी माझ्या कागदाचा मालक. मी गंभीर तोंड करून म्हणालो, "हे बघ निसार, कागदात सूर्यास्त लिहिलाय म्हणजे सूर्यास्त. विचारायला गेलास तर तुझ्याकडे पैसे नाहीत हे तिला आधीच कळेल. मग ती दुसरं गिऱ्हाईक बघून ठेवेल." वर ही अक्कल! त्याने मान खाली घातली. मागणे त्याच्या स्वभावात नव्हतेच, आणि मी ते आणखी अवघड करून ठेवले.

आणि आणखी एक सांगतो, सांगायला लाज वाटते तरी. माझ्या ट्रंकेत तेव्हा दहा रुपये होते. मी बोललो नाही. परत आले नाहीत तर, अशी भीती वाटली.

जूनची आठ तारीख जवळ आली तशी मलाच जेवण जाईना. कथड्यातून जायचे मी टाळू लागलो. एका पठाणाने निसारला दहा रुपये देऊ केले होते, रुपयाला महिना दोन आणे. निसार डगमगला. आबिदा म्हणाली, "त्याचे दहा घेतलेस तर घर राहील, पण आपण त्याचे होऊ." हे मला नंतर कळले. तेव्हा एवढेच कळले की आठ तारखेला दुपारी चारला कागद पुरा करायला दौत आणि शाई घेऊन घरी या, असा निरोप आला. म्हणजे पैसे जमले! कुठून जमले असतील, हा विचार करत मी गेलो.

गल्लीत वळलो आणि घर ओळखूच येईना. चौकट होती. चौकटीत गोणपाट लोंबत होते. दार नव्हते.

जुने लाकूड घेणाऱ्याने नऊ रुपये दिले होते, वरचे तीन विड्यांचे. सकाळी हातगाडीवर दोन्ही फळ्या घालून नेल्या, कड्यांसकट. आणि "मोडतोड करू नये" हे माझे दुसरे कलम माझ्या डोळ्यांपुढे नाचू लागले. पैसे फिटले नव्हते. दार अजून गोजराबाईचे होते. तिचेच दार विकून तिचा हप्ता! तिला हवे असते तर त्या एका गोष्टीवर तिने दोघांना रस्त्यावर काढले असते, आणि कागद तिच्याच बाजूने बोलला असता.

गोजराबाई मंडईतून फुले विकून रिकामी पाटी घेऊन आली. निसार भिंतीला टेकून उभा होता. आबिदाने पुढे होऊन तिच्या तळव्यावर बारा रुपये ठेवले. गोजराबाईने ते मोजले, कनवटीला लावले, आणि मग गोणपाटाकडे पाहिले.

"दार कुठं हाय?"

निसार म्हणाला, "विकलं, मावशी. आज सकाळी. पगार परवा आहे."

गोजराबाई उंबऱ्यावर बसली. चौकटीवरून तिने हात फिरवला. "माझ्या मालकानं हरसूलकडचं लाकूड आणून घडवलं व्हतं ते," ती म्हणाली. मग एकदम चिडली. "दोन दिसांनी काय बिघडत व्हतं रं? येऊन सांगायचं. म्या काय वाघीण हाय का? थांबले असते की!"

आबिदाने भरलेले डोळे पुसले नाहीत. सरळ बघत म्हणाली, "मावशी, तसं कागदात असतं, तर आज दार असतं."

"कागदात?" गोजराबाई माझ्याकडे वळली. "काय लिवलंय कागदात? वाचा, भाऊ. हळू वाचा."

मी वाचले. या वेळी एका दमात वाचता आले नाही. सूर्यास्ताआत. एकही हप्ता. सर्व रक्कम. भाड्यापोटी.

"हे म्या सांगितलं व्हतं?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग कोणी?"

निसार माझ्याकडे बघत होता. दीड वर्षाहून जास्त तो या बाईला भ्यायला होता, आणि ती बाई त्याच्याइतकीच गोंधळून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी मान खाली घालून कागदाखाली 'रक्कम पुरी पोचली' असे लिहिले. गोजराबाईने अंगठा पुढे केला. मी शाई लावली. घर निसार आणि आबिदाचे झाले.

मी दौत आवरली आणि निघालो. आबिदाने मला चौकटीत अडवले आणि हातावर चार आणे ठेवले. मी हात मागे घेतला. नको म्हणालो, खरेच नको.

"घ्या, भाऊ," ती म्हणाली. "आता आम्हाला कोणाचं काही ठेवायचं नाही. तुमचं तर नाहीच."

मी घेतले.